दाजींची विजेची गिटार

पिंपरी, ८ जून १९५८

मंजुळा,

नावाआधी काय लिहावं ते सुचेना. चि. सौ. लिहायची हाताला सवय, ते आता लिहिता येत नाही. गं. भा. लिहायला घेतलं आणि टाक बाजूला ठेवून अर्धा तास बसलो. म्हणून नुसतं नाव लिहितोय. राग येईल तर येऊ दे. चौदा महिन्यांत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. रागानं का होईना चार ओळी पाठवल्यास तरी मी भरून पावलो म्हणेन.

पत्रास कारण असं, की खडकीच्या बँडातला गोव्याचा मास्तर परवा सायकल हाणत घरी आला होता. दाजींची विजेची गिटार आणि माझा अॅम्प्लिफायर, दोन्ही त्याला विकत पाहिजेत. दाजी देहूरोडच्या डेपोत कारकून होते तेव्हा हाच माणूस त्यांना दर रविवारी शिकवायचा. गिटार तुझ्या नवऱ्याची आहे. ज्योतीराम गेले म्हणून ती मेहुण्याची होत नाही. तेव्हा विकायची की ठेवायची, ते तू सांग.

मास्तरानं ती मांडीवर आडवी घेतली, तारांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ये किसने बनाया?" मी म्हटलं, तिघांनी. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण खरंच तिघांनी बनवली ना? फळी आपल्या माजघराच्या जुन्या दाराची, सागवानी. लोहचुंबकं डेपोच्या लिलावात मिळालेल्या लष्करी हेडफोनमधली. आणि त्यावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे चार हजार वेढे, ते तुझ्या शिलाई मशीनवर. तू चाक फिरवत होतीस आणि मोठ्यानं मोजत होतीस. साडेतीन हजाराच्या आसपास चुलीवरचं दूध उतू गेलं, तू उठलीस आणि आकडा विसरलीस. दाजी म्हणाले, "दोनशे कमी झालं तर काय फाशी देत्यात व्हय?" मी सगळी तार उलगडायला लावली. तू मला त्या दिवशी खडूस म्हणालीस. खडूस होतोच मी. असल्या कामात खडूसच लागतो.

कलकत्त्याहून येणाऱ्या तयार गिटारी मी दोन पाहिल्यात. पॉलिश असं की तोंड दिसावं, आणि आवाज सर्दी झालेल्या माणसाचा. आपल्या फळीचा आवाज तसा नव्हता. लोकांना वाटतं विजेची गिटार म्हणजे मोठा आवाज. मोठा आवाज गाढवालाही असतो. विजेचा उपयोग आवाज मोठा करण्यासाठी नाही, लांबवण्यासाठी आहे. साध्या गिटारीचा सूर छेडला की विझायला लागतो. विजेच्या गिटारीचा सूर दाजी पोलादी कांडीनं तारेवरून ओढत नेत, आणि तो तुटायचा नाही. बाजाची पेटी अभंगाचे तुकडे करते. दाजींच्या हातात तोच अभंग अखंड यायचा. हे मी मेहुणा म्हणून बोलत नाही, कान म्हणून बोलतोय.

बाकी इकडे ठीक. औषधांच्या कारखान्यात मला वायरमन म्हणून कायम केलं. झोप लागते, जेवण जातं. अंबू म्हणते एकदा रडून घ्या. रडायला माझी ना नाही, पण येत नाही. तुझ्या अंबूवहिनीनं आळंदीला येऊन तुला पाहिलं असं सांगितलं. धर्मशाळेत विद्यार्थ्यांच्या भाकरी थापतेस म्हणाली. हात भाजून घेऊ नकोस.

सावळाराम


पिंपरी, २२ जून १९५८

मंजुळा,

तुझं कार्ड पोचलं. त्यावर तू लिहिलंस तेवढंच इथं पुन्हा लिहितो, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल. "गिटारीचं काय ते करा. ठकूला गोवर आला म्हणतात. मला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. तुम्ही बघून या." वर दादा नाही, खाली नाव नाही. आणि मला अहोजाहो. ठीक आहे.

मास्तराला मी नाही म्हणून कळवलं. का ते विचारू नकोस, मलाही नीट माहीत नाही.

काल रजा टाकून चाकणला गेलो, तिथून तुझ्या सासरी वाडीवर चालत. ठकू बरी आहे. आधी हेच लिहायला हवं होतं. गोवर उतरलाय, अंगावर डाग आहेत, गोजाबाई तिला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवतात. मला बघून उठून बसली आणि म्हणाली, "मामा, तू माज्यासाठी काय आणलंस?" मी बिस्किटं नेली होती. तिनं आधी पुडा मोजला, मग एक खाल्लं. पाच वर्षांची पोर आणि हिशोब पंचविशीचा. तुझ्यावर गेलीये.

मग मी मारुतरावांपुढे विषय काढला. म्हटलं, पोर आईविना राहते हे बरं दिसत नाही, थोडे दिवस आळंदीला पाठवा. तुझे सासरे तंबाखू मळत राहिले. उत्तर गोजाबाईंनी दिलं.

"जिच्या हातानं माजा ल्योक गेला, तिच्या हातात त्याची पोर द्यू? आख्ख्या गावानं बघितलंय. तिनं घागर वतली आन् त्यो पडला. इजेवर पानी घालायचं नसतंय, येवढं शेंबड्या पोराला कळतंय."

मारुतराव म्हणाले, "सावळाराम, तुमी वायरमन हायसा. तुमीच सांगा, पान्यानंच झालं का न्हाई? पंचनाम्यात तसंच हाय."

मी चहा प्यालो. तेवढंच केलं, मंजुळा. बशीत ओतून प्यालो आणि उठलो.

पंचनाम्यात तसंच आहे हे खरं. "जमीन ओली झाल्याने विजेचा धक्का बसून मयत." खाली जाणकार म्हणून सही माझी आहे. जत्रेनंतर तुला सासरच्यांनी माझ्याकडे आणून सोडलं, तू माझ्या ओसरीवर तीन आठवडे राहिलीस आणि कोपऱ्याकडे तोंड करून बसलीस, तेव्हा ती सही होऊन गेली होती. तुला कोणी सांगितलं असेल, नसेल. मी नाही सांगितलं.

तुला पाणी ओतायला मी सांगितलं होतं. चाकणच्या जत्रेत देवळासमोरच्या मंडपात तू बायकांत बसली होतीस. पहिला अभंग झाला, टाळ्या पडल्या, तेवढ्यात माझं लक्ष गेलं की लाउडस्पीकरसाठी जमिनीत ठोकलेल्या पाइपाशी जमीन कोरडी ठाक आहे. मी तुला हाक मारली आणि म्हटलं, मंजुळे, घागरभर पाणी ओत इथं. तू उठलीस, पदर खोचलास आणि ओतलंस. हे मला माहीत आहे आणि तुला. तिसऱ्या कोणाला तू सांगितलं नाहीस. सासूनं तुझ्या झिंज्या धरल्या तेव्हासुद्धा नाही. का नाही सांगितलंस ते मी विचारणार नाही, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नाही.

अंबूनं तुझ्यासाठी सांडगे पाठवलेत. आळंदीच्या मोटारीच्या कंडक्टरकडे देतो.

सावळाराम


पिंपरी, ६ जुलै १९५८

मंजुळा,

आज कारखान्याला सुट्टी. सकाळपासून अॅम्प्लिफायर समोर घेऊन बसलोय. वर्षभर त्याच्यावर गोणपाट होतं. झटकलं, पुसला, पण लावला नाही.

एक सांगू? आता ट्रान्झिस्टर म्हणून काहीतरी निघालंय, काडेपेटीएवढा रेडिओ होतो म्हणतात. होवो. माझा विश्वास व्हॉल्ववर आहे. काचेच्या आत तार तांबूस होते, हळूहळू उजेड धरते, आणि मग आवाज येतो. घाई चालत नाही. दाजी गिटार जुळवत बसायचे तेवढ्यात तो तापायचा, दोघांचं बरोबर जमायचं. दहा इंची स्पीकर मी फळ्यांच्या खोक्यात बसवला, कर्णा लावू दिला नाही. कर्णा पुढाऱ्यांसाठी. तो नुसता ओरडतो. पिंपरीच्या कॅम्पातला सिंधी रेडिओवाला हा आवाज ऐकून दुकान उघडं टाकून आमच्या अंगणात येऊन बसला होता, आठवतं? म्हणाला, "साईं, ये तो रोता है." मला त्या शब्दाचा इतका गर्व झाला की आठ दिवस मी जमिनीवर नव्हतो.

तो गर्वच पुढं नडला. आता जे लिहितोय ते नीट वाच, दोनदा वाच.

भिंतीतली वीज सरळ अॅम्प्लिफायरमध्ये येत नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. तो पलीकडची वीज अलीकडे देतो, पण दोन्हीकडच्या तारा एकमेकींना शिवत नाहीत. सोवळं म्हण हवं तर. त्यामुळे माणसानं गिटारीच्या तारांना कितीही हात लावला तरी भिंतीतली वीज त्याच्यापर्यंत पोचत नाही. जत्रेच्या आठ दिवस आधी आपला ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा मुंबईहून यायचा होता.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, यंदा राहू द्या. फुडल्या साली वाजवू."

मी म्हणालो, "न्हाई. गावानं एकदा ऐकलंच पाहिजे."

त्यांना वाजवायची हौस होती, पण ऐकवायची हाव माझी होती. मी ट्रान्सफॉर्मर काढून टाकला आणि वीज सरळ आत घेतली. स्वस्तातल्या रेडिओत असं करतात, पण त्याला लाकडी खोकं असतं, कोणी आतल्या लोखंडाला हात लावत नाही. गिटारीला हात लावावाच लागतो.

विजेच्या दोन तारांत एक मारकी असते आणि एक गरीब. गरीब तार अॅम्प्लिफायरच्या लोखंडाला लागली तर काही होत नाही. मारकी लागली तर ते सगळं लोखंड मारकं, त्याला जोडलेली गिटार मारकी, तिच्या सहाही तारा मारक्या. हे मला माहीत होतं. म्हणून प्लगवर मी तांबड्या रंगाचा ठिपका दिला. ठिपका वर ठेवून लावला की गरीब तार आत. घरी पन्नास वेळा लावला, काही झालं नाही.

पण त्यासाठी बोर्डातल्या तारा सरळ पाहिजेत. देवळाच्या पायरीशी जत्रेपुरता बोर्ड ठोकला होता, त्यात त्या उलट्या होत्या. तो बोर्ड मी जोडला होता. दुसऱ्या कोणी नाही, मी. टेस्टर माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. पालखी आली होती, माणसं "ज्योतीराम, ज्योतीराम" ओरडत होती. मी ठिपका वर बघितला आणि लावून दिला. टेस्टर लावून बघायला एक श्वास लागतो, मंजुळा. तेवढाही मी घेतला नाही.

पहिला अभंग बिनघोर झाला, कारण दाजी लाकडी स्टुलावर बसले होते आणि हातात गिटारीशिवाय काही नव्हतं. समोरचा माइक दुसऱ्या संचाचा, लाउडस्पीकरचा. त्या संचाचं काम मी चोख केलं होतं. त्याचं लोखंड आणि माइकचा दांडा तारेनं जमिनीत ठोकलेल्या पाइपाला जोडला होता, म्हणजे वीज चुकून त्यात आली तर जमिनीत उतरेल, माणसाला धरणार नाही. जमीन कोरडी असली की वीज नीट उतरत नाही, म्हणून पाइपाच्या बुडाशी पाणी ओततात. सगळे वायरमन ओततात. तुला मी तेच करायला लावलं. माणसं सुरक्षित राहावीत म्हणून.

तू घागर ओतलीस. दाजींना दुसऱ्या अभंगाआधी दोन शब्द बोलायचे होते. डावा हात गिटारीच्या तारांवर होता. उजव्या हातानं त्यांनी माइक जवळ ओढला. एका हातात मारकी तार आणि दुसऱ्या हातात जमीन. वीज या हातातून त्या हातात छातीवरून गेली. पाय ओल्यात होते की कोरड्यात, याच्याशी तिचा काही संबंध नव्हता.

लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून नुसती घरघर आली. मी प्लग उपटला. तू रिकामी घागर धरून उभी होतीस.

तेव्हा, तुझ्या हातून काही झालं नाही. हे पंधरा महिन्यांपूर्वी त्याच मंडपात मोठ्यानं सांगायला पाहिजे होतं. फौजदारानं विचारलं, "पाण्यानं झालं का?" आणि मी मान हलवली. परवाना जाईल, नोकरी जाईल, गाव दगड मारील, असं काहीबाही डोक्यात आलं असेल. खरं तर काहीच आलं नाही. मान हलली. त्यानंतर आतून जे बधिर झालंय ते तसंच आहे. अक्षर बघ, ओळीत आहे.

नवा ट्रान्सफॉर्मर जत्रेनंतर अकरा दिवसांनी आला. खोकं अजून उघडलेलं नाही.

सावळाराम


पिंपरी, २० जुलै १९५८

मंजुळा,

तुझं कार्ड मिळालं. "हे मला लिहून काय उपयोग. तिथं सांगा." बरोबर आहे. मी तरी दुसरं काय लिहिलं असतं.

गेल्या रविवारी वाडीवर जाऊन सांगितलं. सगळं, जसं तुला लिहिलं तसं. मला वाटलं होतं मारुतराव उठून काठी घालतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सावळाराम, तू तिचा भाव हाईस. भाव बहिणीसाठी कायबी बोलंल. सही करताना तुजी वाचा गेली व्हती का?"

पंधरा महिने खोटं सांभाळलं की खरं बोललेलंही बनाव वाटतं. गोजाबाई म्हणाल्या, "पानी मी माज्या डोळ्यानं बघितलं. तुजी मारकी तार कुनी बघितली?"

ती तेवढी गोष्ट माझ्या हातात होती.

वाडीला वीज नाही. चाकणला आहे; तिथल्या कांद्याच्या वखारीतही गेल्या वर्षी दिवे आले, आणि वखारवाले बबनराव माझ्या ओळखीचे. काल बाजारचा दिवस. मी अॅम्प्लिफायर, गिटार, माइक, पाइप, सगळं एस.टी.च्या टपावर घालून नेलं. मारुतरावांना आणि गोजाबाईंना बाजारातून वखारीत बोलावून आणलं. ठकूला आणू नका म्हटलं होतं, तिला शेजारी ठेवून आले.

वखारीतली जमीन मातीची, ठणठणीत कोरडी. कांद्याला ओल चालत नाही. मी पाइप ठोकला. पाणी घातलं नाही. माइकचा दांडा पाइपाला जोडला. गिटार स्टुलावर ठेवली. अॅम्प्लिफायर जत्रेच्या दिवशी होता तसाच, ट्रान्सफॉर्मरविना. मग एक साधा घरचा बल्ब घेतला. त्याची एक तार गिटारीच्या तारांना लावली, एक माइकला. प्लग ठिपका वर ठेवून लावला. बल्ब लागला नाही.

बबनराव म्हणाले, "काई बी न्हाई."

"हितल्या तारा सरळ हायती," मी म्हटलं. "मी देवळापाशी उलट्या जोडल्या व्हत्या." प्लग काढला, उलटा केला, लावला.

बल्ब पेटला. कोरड्या जमिनीमुळे थोडा मंद, पण पेटला.

मी प्लग काढला. मारुतराव म्हणाले, "पुन्यांदा." मी पुन्हा केलं. ठिपका वर, अंधार. ठिपका खाली, उजेड. त्यांनी मला पाच वेळा करायला लावलं. मग ते वाकले आणि पाइपाच्या बुडाशी हात फिरवला. माती चिमटीत धरून बघितली.

"हितं पानी कुटं हाय?"

"न्हाई."

"म्हंजी त्या दिशी पानी नसतं तरीबी?"

"तरीबी. ह्या दिव्याच्या जागी दाजी व्हते."

"मंग पानी वताय का लावलंस?"

"कुनाला शॉक बसू नये म्हून."

मारुतराव कांद्याच्या गोणीवर बसले. मग म्हणाले, "आन् मंजुळीला वताय तूच सांगितलंस?"

"व्हय."

"आन् ती कुनाला बोलली न्हाई? आमी तिला येवढं घालूनपाडून बोललो, दारातनं हाकललं, तरी?"

"न्हाई बोलली."

गोजाबाई त्या पेटलेल्या बल्बकडे बघत होत्या. मी बंद करायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे थोडा." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मुलगा गेला त्या दिवशी त्या तुझ्या अंगावर धावल्या होत्या, पण अशा रडल्या नव्हत्या. मी जवळ उभा होतो. मला वाटलं आता मलाही येईल. नाही आलं.

निघताना मारुतराव म्हणाले, "गिटार हितंच ठिव. माज्या पोराच्या हातची हाय ती." त्यांनी धोतराच्या पानात गुंडाळून काखेत मारली. मग म्हणाले, "फुडल्या आयतवारी ये आन् पोरीला न्ये तिच्या आयेकडं. त्यानंतर आमच्या दारात पाऊल टाकू नगंस." मी बरं म्हटलं. मला ते रास्तच वाटलं.

अॅम्प्लिफायर घरी आणून मोडला. व्हॉल्व सिंधी रेडिओवाल्याला देऊन टाकले. त्यानं कारण विचारलं नाही, चांगला माणूस आहे. त्याआधी सोमवारीच पंचनाम्यातली माझी सही खोटी आहे असं फौजदार कचेरीत लेखी दिलं, आणि परवाना विजेच्या इन्स्पेक्टरसाहेबांकडे पत्र लिहून परत पाठवला. कारखान्यात साहेबांना आपण होऊन सांगितलं. चौकशी होईल तोवर मला तारांपासून काढून बाटल्या धुण्याच्या खात्यात टाकलंय. तिथं काही बिघडवायला वाव नाही. अंबूनं दोन दिवस ताट नुसतं पुढं सरकवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता तरी नीट जेवा."

सावळाराम


आळंदी, पुलाच्या अलीकडे
रविवार, २७ जुलै १९५८

मंजुळा,

हे पत्र पोस्टानं येत नाही, ठकूच्या हातून येतंय. धर्मशाळेतली एक म्हातारी नदीवर आली होती, तिच्याबरोबर पोरीला पाठवतोय. म्हातारी तुला ओळखते म्हणाली.

गाठोड्यात दोन झगे, एक परकर, कडुलिंबाचा पाला आणि गोजाबाईंनी दिलेलं ज्वारीचं पीठ आहे. गोवराचे डाग जात आलेत. मोटारीत तिला मळमळलं, पण ओकली नाही. वाटेत विचारत होती, "आई मला वळखंल का?" मी म्हटलं, न ओळखायला काय झालं. मग म्हणाली, "आन् म्या तिला वळखंन का?" पंधरा महिने म्हणजे त्या पोरीच्या आयुष्याचा केवढा तरी भाग. तो मी घेतलाय.

तिचा बाप कसा गेला ते मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांग. माझं नाव घालून सांग. माझी चूक झाकू नकोस, एवढंच मागणं आहे. तू एकदा झाकलीस, तेवढं पुष्कळ झालं.

मी आत येत नाही. पुलाच्या अलीकडे चहाच्या दुकानापाशी चारच्या मोटारीपर्यंत बसणार आहे. भेटायला ये असं म्हणत नाही. आलीस तर मला भीती वाटेल आणि न आलीस तरी वाटेल. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा काही वाटतंय, ते भीतीच आहे, पण आहे.

एक सांगायचं राहिलं. वाडीवरच्या बायकांनी पोरीच्या डोक्यात भरवलं होतं की आई भेटली तरी तिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. ठकूनंच मला मोटारीत सांगितलं. आज सकाळी निघताना गोजाबाई बाहेर आल्या, तिचं तोंड पदरानं पुसलं आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गेल्याबरुबर आयेच्या हातचं पानी पी, आन् मग काय त्ये खा."

वाटेत मी तिला दोनदा पाणी विचारलं. तिनं घेतलं नाही. तिला आधी पाणी दे.

सावळाराम